प्रश्न तुमचे: ‘टीम कशी सांभाळलीत?’ असं मुलाखतीत विचारतात तेव्हा

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता. काम येतं, माणसंही सांभाळली आहेत, पण मुलाखतीत नेतृत्वाचा अनुभव विचारला की बोलणं अडतं. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

हाताखाली कोणीच नाही, मग सांगू काय?

*ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये ग्राहकसेवेच्या प्रोसेसवर चार वर्षं काम करते आहे. टीम लीडरच्या जागेसाठी दोनदा आयजेपी, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत निघणारी जागा, भरली. ‘लीडरशिपचा अनुभव सांगा’ म्हटल्यावर दोन्ही वेळा गप्प झाले. माझ्या हाताखाली कोणी नाही. (ऐरोली)*

तुमच्या हाताखाली कोणी नाही हे पॅनेलला तुमच्या फाइलवरून आधीच माहीत असतं. त्यांना वेगळंच बघायचं असतं: अधिकार नसताना तुमच्या सांगण्यावरून कोणी काही वेगळं केलं का? एखादा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही तो घेतला, की टीम लीडर सुटीवरून येईपर्यंत थांबलात?

असे प्रसंग चार वर्षांत तुमच्याकडे नक्की साठले असतील. नवी बॅच ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा खऱ्या कॉलवर बसते तेव्हा शेजारी कोण बसतं? टीम लीडर रजेवर असताना सकाळची हडल, म्हणजे शिफ्टच्या सुरुवातीची छोटी बैठक, कोण घेतं? ‘सुपरवायझरशी बोलायचंय’ म्हणणारा ग्राहक कोणाकडे वळवला जातो? जुलैत ट्रान्स हार्बरच्या गाड्या थांबल्या आणि निम्मी शिफ्ट पोहोचली नाही, तेव्हा ब्रेकच्या वेळा कोणी बदलल्या? यातलं जे तुम्ही केलं असेल, तिथून सुरुवात करा.

आता मांडणी. ‘मी नव्या लोकांना नेहमी मदत करते, टीमला मोटिव्हेट करते’ हे उत्तर वाया जातं, कारण त्यात घटनाच नाही. ऐकणाऱ्याला लिहून घेण्यासारखं काही मिळत नाही, आणि मुलाखतीनंतर गुण त्या लिहिलेल्या टिपणावरूनच दिले जातात. त्याऐवजी असं सांगता येईल:

‘मार्चमध्ये आठ जणांची बॅच फ्लोअरवर आली. रिफंडच्या कॉलवर तिघं ग्राहकाला फार वेळ होल्डवर ठेवत होते. आमचे टीम लीडर दुसऱ्या बॅचमध्ये गुंतले होते. मी त्यांच्याकडून तीन आठवड्यांसाठी रोजचा अर्धा तास मागून घेतला आणि त्या तिघांचे प्रत्येकी पाच कॉल ऐकले. नियम तिघांनाही पाठ होते, पण माहिती कोणत्या स्क्रीनवर बघायची तिथे गोंधळ होता. मी पाच स्क्रीनचा क्रम एका पानावर लिहून दिला आणि पहिला आठवडा शेजारी बसले. तीन आठवड्यांत दोघं टीमच्या सरासरीला आले. तिसऱ्याची अडचण टायपिंगच्या वेगाची होती. ते मी टीम लीडरना कळवलं आणि त्याला सरावासाठी वेगळा वेळ मिळाला.’

यात ‘मोटिव्हेट’ हा शब्द कुठेच नाही. कॉल ऐकल्यावर खरं कारण कळलं, ही यातली मोलाची जागा. आणि तिसरा माणूस तीन आठवड्यांत सुधारला नाही हे सांगितल्यामुळे बाकीच्या दोघांवर विश्वास बसतो.

हे बोलायला साधारण दोन मिनिटं घ्या. त्यात परिस्थितीला २० सेकंद, तुमच्यावर काय येऊन पडलं होतं त्याला १० ते १५, तुम्ही काय केलंत आणि का केलंत याला ६० ते ७५, उरलेल्यात परिणाम. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्टार’ पद्धत म्हणतात. क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. बिघडतं ते प्रमाण. प्रोसेस काय, क्लायंट कसा, सिस्टिम किती जुनी यातच दीड मिनिट जातं, कारण तो भाग बोलायला सोपा असतो. मग कृतीच्या वाट्याला दोन वाक्यं येतात आणि पॅनेल पुढच्या प्रश्नाकडे वळतं. फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून घड्याळ लावून ऐका. ‘मग मी’ हे शब्द किती सेकंदांनी आले ते बघा. ४० सेकंदांच्या पुढे गेले असतील, तर सुरुवात छाटायलाच हवी.

तयारी एका प्रसंगाची करून भागत नाही. सहा-सात प्रसंग निवडा, प्रत्येकाचं अर्धं पान लिहा: कोणी तुमचं म्हणणं मान्य केलं नाही तो, वरिष्ठांना पटवावं लागलं तो, अपुऱ्या माहितीवर ठरवावं लागलं तो, वाईट बातमी द्यावी लागली तो, कोणी तुमच्यामुळे शिकलं तो, आणि तुमचं चुकलं तो. प्रश्नांचे शब्द कितीही बदलले तरी ते फिरून यातल्याच एकावर येतात. प्रत्येक पानाखाली तीन उलटे प्रश्नही लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात ते असे येतील: अर्धा तास मिळाला कसा? त्या वेळात तुमच्या स्वतःच्या कॉलचं काय झालं? ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी कोणाला ते खटकलं का? पढवलेला उमेदवार आणि खरोखर काम केलेला उमेदवार इथेच वेगळे पडतात.

आयजेपीत आकडे तुमच्या टीम लीडरकडून पडताळले जातात, म्हणून अहवालात आहेत तेच सांगा. बाहेरच्या कंपनीत मात्र क्लायंटचं नाव आणि त्यांचे अंतर्गत आकडे सांगू नका. ‘एका मोठ्या रिटेल ग्राहकासाठी’ एवढं पुरे. गुप्तता न पाळणारा टीम लीडर कोणालाच नको असतो.

‘माझ्या पाळीत वाद होतच नाहीत’

*तळोज्याच्या केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. पाळीत २२ माणसं. दुसऱ्या कंपनीत विचारलं, हाताखालच्या माणसाशी मतभेद झाला तेव्हा काय केलं? मी म्हटलं, माझ्या पाळीत वाद होत नाहीत. तिथून मुलाखतीचा रंगच बदलला. इंग्रजीही अडतं. (तळोजा)*

तीन पाळ्यांच्या कारखान्यात वाद नसतातच, हे पॅनेलवरच्या प्लँट मॅनेजरला पटणार नाही. एकतर तुम्हाला ते दिसत नाहीत, किंवा तुम्ही ते झाकता, असा अर्थ तो काढतो. तुम्हाला बहुधा ‘भांडणं होऊ देत नाही’ असं म्हणायचं असेल. मग कशी होऊ देत नाही, तेच सांगा.

गणपतीच्या रजेचं उदाहरण घ्या. कोकणातली माणसं असलेल्या प्रत्येक कारखान्यात हे दरवर्षी येतं. समजा २२ पैकी नऊ जणांनी तेच पाच दिवस मागितले आणि पाळी चालवायला किमान १५ जण लागतात, म्हणजे सातच सोडता येतात. तुम्ही महिनाभर आधी अर्ज मागवलेत. मागच्या वर्षी कोणाला रजा मिळाली होती ती यादी काढलीत आणि ज्यांना मिळाली नव्हती त्यांना आधी धरलंत. उरलेल्या दोघांपैकी एकाची दुसऱ्या पाळीतल्या माणसाशी अदलाबदल जमवलीत, तिच्यावर त्या इन्चार्जची सही घेतलीत. नववा नाराजच राहिला. त्याला शिमग्याची रजा आधीच लिहून दिलीत आणि यादी नोटीस बोर्डावर लावलीत, कोणाला का मिळाली त्या कारणासकट. यात निकष आहे, आकडा आहे आणि एक माणूस नाराज राहिल्याची कबुलीही आहे. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तो नववा तरीही न सांगता गावी गेला असता तर?’ त्याचं उत्तर तुमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, काय आहे ते बघून तयार ठेवा. ‘समजावून सांगितलं असतं’ एवढ्यावर ते भागत नाही.

दुसरा प्रसंग सुरक्षेचा ठेवा. केमिकलमध्ये तो विचारतातच. उत्पादनाची घाई आहे, वेल्डिंगचं काम अडलंय, हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी, पूर्ण झालेलं नाही आणि तुम्ही काम थांबवलंत, असा एखादा. इथे बारकावे बोलतात: गॅस टेस्ट कोणी घेतली, किती वाजता, लाइन वेगळी केल्याची खूण कुठे नव्हती, काम किती वेळ थांबलं, वर कोणाला फोन केलात, लॉगबुकात काय लिहिलंत. ‘सेफ्टी फर्स्ट’ हे बोर्डावरचं वाक्य उत्तरात नको. ‘प्लँट हेड म्हणाले, चालू करा, तर?’ असं विचारलं की गडबडू नका. परमिटवर सही कोणाची लागते, ती झाल्याशिवाय काम का सुरू होत नाही आणि ते तुम्ही त्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, एवढं शांतपणे सांगा.

प्रसंग निवडताना मतभेद कामाच्या पद्धतीवरचा घ्या, माणसाच्या स्वभावावरचा नको. ‘तो ऑपरेटर मुळातच हेकट होता’ म्हटलंत की पॅनेल त्या ऑपरेटरच्या बाजूने विचार करू लागतं.

भाषेचं सांगायचं तर, सुरुवातीलाच सरळ विचारा: ‘सर, सविस्तर उत्तर हिंदीत किंवा मराठीत दिलं तर चालेल का?’ कारखान्यातल्या जागांसाठी बऱ्याच ठिकाणी चालतं, कारण रिअॅक्टर, हँडओव्हर, परमिट, बॅच हे शब्द तसेही इंग्रजीच आहेत. प्रत्येक प्रसंगाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं इंग्रजीत बसवून ठेवा. अख्खं उत्तर इंग्रजीत पाठ केलंत तर पहिल्याच उलट्या प्रश्नाला दोर तुटतो.

सोसायटीचं सेक्रेटरीपद धरतात का?

*मुलांसाठी सात वर्षं नोकरी सोडली होती. आधी लॉजिस्टिक्स कंपनीत ऑपरेशन्समध्ये होते. मधल्या काळात चार वर्षं आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीची सचिव होते. हे सांगितलं तर हसतील का? (नेरूळ)*

हसणार नाहीत, पण ते काम म्हणून मांडा. बायोडेटात शेवटी छंदांच्या रांगेत टाकू नका. ‘मानद सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था, ६४ सदनिका’ असं लिहून पुढे वर्षं लिहा आणि नोकऱ्यांच्या यादीतच घाला.

खरं तर सोसायटीत माणसं हलवणं नोकरीपेक्षा अवघड असतं. सभासद तुमचे पगारी नाहीत. त्यांचं अप्रेझल तुमच्या हातात नाही आणि संध्याकाळी त्याच जिन्यात ते भेटणार असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी हिशेब तपासून घ्यायचे, थकबाकीदारांना नोटिसा द्यायच्या, सिडकोकडच्या कागदांचा पाठपुरावा करायचा, हे सगळं मुदतीत करवून घेणं म्हणजे ऑपरेशन्सच आहे.

प्रसंग एकच निवडा, मोठा. लिफ्ट बदलण्याचा असेल तर उत्तम. तीन कोटेशन मागवलीत आणि सर्वांत स्वस्त का नाकारलंत? तळमजल्यावरचे सभासद म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग वर्गणी का द्यायची? त्यांना काय उत्तर दिलंत, आणि कोणत्या सभेत ठराव झाला? लिफ्ट बंद होती त्या आठवड्यांत वरच्या मजल्यांवरच्या वृद्धांची औषधं, गॅसचा सिलिंडर, डायलिसिसला जाणारा एखादा रुग्ण यांची सोय कशी लावलीत? काम ठरल्या तारखेला संपलं का, नसेल तर करारातला दंड लावलात का? एवढं सांगितलंत की समोरचा माणूस मध्येच थांबवून प्रश्न विचारू लागेल. तसं झालं तर समजा की उत्तर पोहोचलं.

जपायचं ते एवढंच की गटबाजीत शिरू नका. ‘आमच्याकडे फार राजकारण होतं’ या वाक्याने चार वर्षांचं काम झाकोळतं. आणखी दोन प्रसंग मात्र जुन्या नोकरीतलेच ठेवा, कारण त्यांना गाड्या, गोदाम आणि डिस्पॅच यातलं तुमचं डोकंही बघायचं असतं. खंडाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत कारण सांगा, तिसऱ्या वाक्यात सध्या काय शिकताय ते. खुलासा लांबला की अपराध केल्यासारखा वाटतो, आणि तो तुम्ही केलेला नाही.

गोविंदा पथक कॅम्पसला चालेल का?

*इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पथकाचं व्यवस्थापन दोन वर्षं माझ्याकडे होतं. (ठाणे, नौपाडा)*

चालेल. थर किती लागले यापेक्षा सराव, विमा, पैसे आणि माणसं यांबद्दल बोला. रोजच्या सरावाला येणाऱ्यांची नोंद कशी ठेवलीत, खालच्या थराला कोण उभा राहणार हे कशावरून ठरवलंत, विमा किती जणांचा उतरवला, वर्गणीचा हिशेब कोणाला दाखवला. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत घेता येत नाही. हा नियम पाळताना एखाद्या ओळखीच्या पालकाला ‘नाही’ म्हणावं लागलं असेल, तर तोच तुमचा सर्वांत चांगला प्रसंग. कोणत्या नेत्याची हंडी होती ते मात्र सांगू नका. सोबत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचाही एक प्रसंग ठेवा, आणि त्यात चौघांपैकी तुमचा भाग कोणता ते वेगळं काढून सांगा.

‘तुमची नेतृत्वशैली कोणती?’ आणि ‘तुमचं अपयश सांगा’

*वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग युनिटचा क्वालिटी विभाग सांभाळतो. शैली विचारली तेव्हा ‘डेमोक्रॅटिक’ म्हणालो आणि पुढे प्रश्नांची सरबत्ती झाली. अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर आता चालत नाही म्हणतात. खरं का? (ठाणे)*

खरं आहे. तो गुणच आहे, तुम्ही त्याला दोष म्हणताय, हे समोरच्याला लगेच कळतं.

आधी शैली. हुकमी, सहभागाची आणि मोकळी सोडणारी ही तीन प्रकारांची विभागणी कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडली. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये सांगितलं की समोरच्या माणसाची तयारी पाहून शैली बदलावी. एमबीएच्या वर्गात हे सगळे शिकतात, त्यामुळे नाव सांगून गुण मिळत नाहीत. ‘डेमोक्रॅटिक’ म्हटल्यावर सरबत्ती झाली, कारण क्वालिटीत प्रत्येक गोष्ट मतदानाने ठरत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

दोन विरुद्ध प्रसंग शेजारी ठेवा. एक असा: डिस्पॅचला निघालेल्या मालात दोन लॉट मिसळल्याचं दिसलं आणि तुम्ही पाच मिनिटांत, कोणालाही न विचारता गाडी थांबवलीत. दुसरा असा: तपासणीच्या टेबलांची जागा बदलायची होती, तेव्हा तिन्ही पाळ्यांच्या इन्स्पेक्टरांना विचारलंत, दोन आठवडे घेतलेत आणि तुमचा मूळ आराखडा बदललात. मग दोन्हींतला फरक स्वतःच सांगा. पहिल्यात वेळ नव्हता आणि चूक ग्राहकापर्यंत गेली असती. दुसऱ्यात वेळ होता, त्या टेबलावर आठ तास उभं राहायचं होतं ते त्यांना, आणि माहितीही त्यांच्याकडेच जास्त होती. हीच तुमची शैली. नाव त्यांना देऊ द्या.

अपयश मध्यम आकाराचं निवडा: ज्याची काही किंमत मोजावी लागली, ज्यात निर्णय तुमचा होता आणि जे आता निस्तरलेलं आहे. अनेक कारखान्यांत घडणारी एक गोष्ट बघा. मशीनवरचा सर्वांत चांगला माणूस, म्हणून त्याला न विचारताच लाइन लीडर केलं. चार महिन्यांत तो परत मशीनवर गेला, रिजेक्शन मधल्या काळात वाढलं आणि लाइन पुन्हा नेत्याविना. सांगताना तीन गोष्टी याव्यात. मी काय ठरवलं. कोणती खूण माझ्या नजरेतून सुटली, जसं की तो कधीच दुसऱ्याला शिकवताना दिसत नव्हता. आणि त्यानंतर मी काय बदललं, जसं की आता आधी एक महिना प्रभारी म्हणून देतो, मग त्यालाच विचारतो. बदल पुढे टिकला याचा एक दाखलाही द्या, नाहीतर तिसरी गोष्ट पोकळ वाटते.

‘मॅनेजमेंटने माणसं दिली नाहीत म्हणून’ अशी सुरुवात करू नका, त्यात तुमचं अपयश उरतच नाही. तपासणीच्या नोंदी मागाहून भरल्या, असा प्रसंग खरा असला तरी या प्रश्नाला सांगायचा नसतो. क्वालिटीच्या माणसाची मुलाखत तिथेच संपते. आणि खोटा प्रसंग रचू नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पुरवठादार, ग्राहक आणि जुने सहकारी एकमेकांना ओळखतात. एका फोनवर खरं बाहेर येतं.

‘आम्हाला काही विचारायचंय?’

*शेवटी हे विचारतात तेव्हा मी ‘नो सर’ म्हणून उठतो. (घणसोली)*

उठू नका. टीम सांभाळायची जागा असेल तर किमान एवढं विचारा: टीममध्ये मंजूर जागा किती आणि आत्ता भरलेल्या किती? ही जागा नवी आहे, की आधीचे गेले म्हणून रिकामी झाली? रजा, रोस्टर आणि अप्रेझलमध्ये माझा शब्द कुठपर्यंत चालेल? पहिल्या तीन महिन्यांनी माझं काम कशावरून मोजाल? उत्तरं ऐकताना लिहून घ्या. मंजूर १८ आणि हजर ११ असं कळलं, तर पहिलं काम भरतीचं असणार. भरती कोण करणार, तेही तिथेच विचारून घ्या. पगार आणि नोटीस पिरियड एचआरच्या फेरीसाठी ठेवा.